संपादकांचे सात टाके

...आणि वर मलाच विचारतो, "कशावरून आमच्याच कुत्र्याने चावलं?" कशावरून! अहो, तिसऱ्या मजल्यावर दारं दोनच. एक माझं, एक त्याचं. त्याच्या दारात चाळीस किलोचा कुत्रा, माझ्या दारात कान फाटलेला बोका, मधे एक पायपुसणं. आता तिथे काय मगर जिना चढून आली आणि चावून गेली? तुम्हीच सांगा. चौतीस वर्षं बातमीदारी केलीय मी. पडलेले पूल पाहिले, आणि पडलेल्या पुलाशेजारी उभं राहून 'पूल सुस्थितीत आहे' म्हणणारे इंजिनियरही पाहिले. पण कुत्र्याच्या दाढीला माझ्या बोक्याचे केस चिकटलेले असताना 'कशावरून' म्हणणारा मालक... हा नमुना देवाने माझ्या निवृत्तीसाठी राखून ठेवला होता, आणि तोही समोरच्याच दारात.

थांबा. मधूनच सुरू केलं का मी? सवय हो. बातमीत तिखट ते आधी घालायचं, मग खाली बाकीचं. बायको म्हणते, घरी बोलताना तरी वरून खाली बोलत जा. तर वरून खाली सांगतो.

आमच्याकडे एक बोका आहे. नाव संपादक. हसू नका, विचार करून ठेवलंय. दिवसभर झोपतो, उठला की माझ्या कागदांवर येऊन बसतो, मला जो परिच्छेद आवडलेला असतो नेमका तोच नखांनी फाडतो, आणि आयुष्यात कशाबद्दलही माफी मागत नाही. नोकरी मी चार संपादकांच्या हाताखाली काढली, हा पाचवा. त्यातल्या त्यात हाच बरा, पोटावरून हात तरी फिरवू देतो.

समोर राहतो दातांचा डॉक्टर. एकटा माणूस, चाळिशीतला, दवाखाना याच इमारतीत तळमजल्यावर. स्वभावाने वाईट नाही, पण बोलणं असं मऊ, असं मऊ, की आता सुई टोचणार म्हणून आपण आपोआप दंड घट्ट करतो. आणि त्याचा तो कुत्रा. काळा, केसाळ, माझ्या कमरेएवढा. त्याचं नाव काय असावं? माऊ! म्हणे पिल्लू होता तेव्हा अगदी मांजराएवढा होता. अहो, मीही जन्मलो तेव्हा अडीच किलोचा होतो, म्हणून मला कुणी आयुष्यभर कलिंगड म्हणतं का?

तर मंगळवार, सकाळी सात. पेपर टाकणारा पेपर टाकून गेलेला, आणि संपादक रोजच्यासारखे दाराबाहेर पायपुसण्यावर, पेपर अंगाखाली घेऊन, डोळे मिटून पडलेले. मी पेपर घ्यायला दार उघडतो, आणि त्याच क्षणी समोरचा डॉक्टर कचऱ्याची बादली बाहेर ठेवायला त्याचं दार उघडतो. बस्स. त्याच्या पायांतून ती काळी सतरंजी सुटली ती थेट आमच्या संपादकांवर! आवाज कसला, ओरडा कसला, पेपराचे तुकडे उडतायत, मी चप्पल शोधतोय, डॉक्टर मऊ आवाजात "माऊ, नको बाळा, माऊ, नको" करतोय... असं म्हणून कधी कुणी थांबलंय? मी शेवटी त्याचीच कचऱ्याची बादली उचलून दोघांवर उपडी केली. तेव्हा सुटले. माऊ अंड्याची टरफलं चाटत बसला आणि संपादक एका कानाचा झेंडा करून आमच्या फ्रीजच्या मागे.

बायकोने त्यांना टॉवेलात गुंडाळलं आणि निघालो जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे. तरुण मुलगी, हुशार, पण फॉर्म भरायची हौस. म्हणाली, पेशंटचं नाव? मी म्हटलं, संपादक. तिने वर बघितलं. म्हणाली, कोण चावलं? मी म्हटलं, माऊ. "म्हणजे घरातलंच दुसरं मांजर?" "नाही हो, माऊ कुत्रा आहे." "आणि हा संपादक..." "बोका." तिने पेन खाली ठेवलं आणि माझ्या बायकोकडे वळली. बायको शांतपणे म्हणाली, "हा बोका, त्याला समोरचा कुत्रा चावला, आणि हे माझे मिस्टर." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "यांना काही लागलंय का?"

"नाही," बायको म्हणाली, "हे असेच असतात."

कानाला चार टाके, मागच्या पायाला तीन. एक्स-रे, भुलीचं औषध, इंजेक्शनं, गोळ्या, आणि वर गळ्यात तो प्लास्टिकचा कर्णा, टाके चाटू नयेत म्हणून. घरी आले तेव्हा संपादक असे दिसत होते की आता माईक हातात घेऊन सभाच सुरू करतील. आणि बिल? आठ हजार चारशे!

आता इथे मुद्दा येतो. ते आठ हजार चारशे आले कुठून? आमचं कपडे धुण्याचं मशीन महिन्यापूर्वी वारलं होतं. अठरा वर्षं चाललं, शेवटी शेवटी चालता चालता बाथरूममधून हॉलमध्ये यायचं, आणि एक दिवस धूर सोडून गप्प झालं. नव्या मशीनसाठी बायकोने कपाटातल्या डब्यात पैसे जमवले होते, त्यातलेच गेले. माझी बायको कॉलेजात ग्रंथपाल. आवाज कधी चढत नाही. तिचं सगळं आयुष्य 'शांतता राखा' या पाटीखाली गेलंय. पण गेलेली वस्तू परत आणण्यात तिचा हात कुणी धरणार नाही. एका प्राध्यापकाने पुस्तक नेलं आणि तो परदेशात स्थायिक झाला, तर तिने ते बोटीने परत मागवलं, दंडासकट.

ती मला एवढंच म्हणाली, "डबा रिकामा झालाय. समोरच्यांकडून पैसे आले की मशीन येईल. तोवर कपडे तुम्ही धुवायचे."

"मी?"

"तुम्हीच म्हणालात ना, त्याच्याकडून पैसे वसूल करणं तुमच्या डाव्या हातचा मळ आहे? मग मळ निघेपर्यंत धुवा."

चौतीस वर्षं बातमीदारी केलीय मी. मंत्र्यांकडून आकडे काढले, हा दातवाला किस झाड की पत्ती! त्याच संध्याकाळी गेलो खाली, त्याच्या दवाखान्यात. हातात बिल, डोक्यात पहिलं वाक्य तयार. आत गेलो तर तो म्हणाला, या, बसा. आता बसायला त्या खोलीत खुर्ची एकच. तीच. लांबलचक. बसलो. बसलो तो त्याचा पाय सवयीने खालच्या कळीवर गेला आणि मी आडवा! वर दिवा लागला. मी तोंड उघडलं, "हे बघा डॉक्टर" म्हणायला, तर याने उघडलेलं तोंड बघितलं आणि आत आरसा घातला. सवय हो, त्याचीही सवयच! त्याच्यासमोर तोंड उघडतो तो पेशंट.

मग काय, तुम्हाला सांगतो, चौतीस वर्षांत माझ्यासमोर एवढं सलग कुणी बोललं नसेल. म्हणे, माऊ कधी कुणाला चावत नाही. मी, आ आ. म्हणे, मुळात मांजर बाहेर का सोडता, जिन्याची जागा सगळ्यांची असते. मी, आ! स्वतः दारात उभं राहून बघितलेला माणूस म्हणे, शिवाय त्याच्याच दातांची खूण कशावरून? मी, आऽऽ! म्हणे, दुखतंय का? डावीकडची मागची दाढ जरा बघायला हवी, आणि कीटण फार साचलंय, सिगरेट होती का पूर्वी? मी मान हलवली. त्याने मशीन लावलं. पुढची वीस मिनिटं माझ्या तोंडात घरघर आणि त्याच्या तोंडात एकच, काय असेल ते कमिटीकडे लेखी द्या, कमिटी म्हणेल ते मला मान्य.

उठलो. तोंड बधिर, दात मात्र आरशासारखे. म्हटलं, किती झाले? म्हणाला, असू दे हो, शेजारी आहात.

इथे मी चुकलो असं बायकोचं म्हणणं आहे. पण ऐका. आपण फुकट काही घेतलेलं नाही. पत्रकार परिषदेत फायलीबरोबर पेन वाटतात, मी पेन परत करून फाइल तेवढी घ्यायचो. एका पडलेल्या पुलाच्या कंत्राटदाराने मला पांढरं पाकीट पुढे केलं होतं. टेबलावरून हळूच सरकवलं आणि म्हणाला, "ठेवा, कुणाला सांगायची गरज नाही." मी ते असं परत सरकवलं की त्याच्या मेव्हण्याच्या चहात जाऊन पडलं. ओल्या नोटा वाळत घालताना पाहिल्यात मी त्यांना! असा मी, आणि माझ्याच बोक्याला फाडणाऱ्या कुत्र्याच्या मालकाकडून दात फुकट घासून घेऊ? भिंतीवरच्या दरपत्रकाप्रमाणे सहाशे झाले होते. टेबलावर आपटले आणि ताठ मानेने वर आलो.

बायकोने दार उघडलं. म्हणाली, किती आणलेत? म्हटलं, सहाशे देऊन आलो.

ती आत गेली आणि साबणाची वडी घेऊन आली.

बरं, कपडे धुणं म्हणजे काय असतं, तुमच्यातल्या पुरुषांना ठाऊक आहे का? शर्ट, बनियन ठीक आहे. पण चादर! डबल बेडची ओली चादर म्हणजे बुडालेला माणूस वर काढण्यासारखं आहे. पिळायला दोन माणसं लागतात आणि दुसरं माणूस आत पुस्तक वाचत बसलेलं. मी शेवटी चादरीचं एक टोक नळाला बांधलं आणि दुसऱ्या टोकाने पीळ देत देत बाथरूमच्या दारापर्यंत मागे मागे आलो, तर नळच फिरला. फिरला म्हणजे उघडला! मी, चादर, आणि वरून पाणी. आणि बाथरूमच्या उंबरठ्यावर कर्णा घातलेले संपादक बसून बघतायत. त्यांच्या चेहऱ्यावर तेच, जे पहिल्या चौघांच्या चेहऱ्यावर असायचं. पुन्हा लिहून आणा.

तर लिहायचं ठरवलं. कमिटीला लेखी द्या म्हणाला ना? लेखी! कुणाला सांगतोस? चौतीस वर्षं लिहिण्यावर जगलोय. दोन कप चहा घेतला आणि बसलो. आणि तुम्हाला सांगतो, हात आपोआप चालायला लागला. मथळा, 'शेजारच्या कुत्र्याच्या कथित हल्ल्यात बोका जखमी'. खाली, 'येथील एका ज्येष्ठ रहिवाशाच्या बोक्यावर मंगळवारी सकाळी समोरच्या घरातील कुत्र्याने हल्ला केल्याचा आरोप आहे. बोक्याची प्रकृती स्थिर असल्याचे डॉक्टरांनी सांगितले.' वा! काय नेमकं, काय आटोपशीर! पहिला परिच्छेद झाला, दुसरा झाला, आणि तिसऱ्याला पेन अडलं. कारण तिसऱ्यात काय येतं? दुसरी बाजू. समोरच्याचं म्हणणं घेतल्याशिवाय मी जन्मात बातमी दिलेली नाही. रात्रपाळीच्या गुरुजींनी पहिल्याच दिवशी कान पिरगाळून शिकवलंय, चोराचंही म्हणणं छाप, मग चोर म्हण.

वही घेतली आणि समोरची बेल वाजवली. डॉक्टर दारात. म्हटलं, आपल्याविरुद्ध एक आरोप आहे, आपली प्रतिक्रिया हवी आहे. तो गोंधळला. म्हणाला, आरोप तुमचाच ना? म्हटलं, ते सोडा, आत्ता मी त्या नात्याने आलेलो नाही.

बसवलं त्याने. आणि बोलायला लागला. म्हणे, तुमचा बोका रोज दुपारी माझ्या जाळीच्या दाराबाहेर येऊन बसतो. माऊ आत, तो बाहेर. तासभर नुसता बघतो. आणि मग जाळीतून पंजा घालून माऊच्या नाकावर फटका मारतो आणि निघून जातो. रोज. म्हणे, गेला महिनाभर माऊ दुपार झाली की पलंगाखाली जाऊन बसतो. मी म्हटलं, याला पुरावा? त्याने माऊला हाक मारली. तो चाळीस किलोचा राक्षस मान खाली घालून आला, आणि नाकावर, काय सांगू, तीन समांतर ओरखडे. संपादकांची सही मी ओळखणार नाही? माझ्या किती कागदांवर आहे!

तरी एका सूत्रावर विसंबायचं नाही. इमारतीचा जिना झाडणाऱ्या मावशींना गाठलं. त्या म्हणाल्या, "तर काय भाऊ, रोजचं आहे. टपली मारतो आणि शेपटी वर करून जातो. मी तर झाडू टाकून बघत बसते."

आता तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं? गप्प बसला असता. बायकोही तेच म्हणाली, आपला अर्ज आहे, त्यात त्याचं कशाला? पण पेन हातात आलं की मी माझा राहत नाही हो! लिहिलं सगळं. ओरखडे लिहिले, मावशींचं निवेदन लिहिलं, माऊचं पलंगाखाली बसणं तर इतकं रंगवलं की लिहिताना माझेच डोळे भरून आले.

कमिटीचे अध्यक्ष निवृत्त गणिताचे मास्तर. मीटरच्या खोलीत टेबल टाकून कारभार करतात. त्यांनी चष्मा लावून माझा अर्ज मोठ्याने वाचला. डॉक्टर डावीकडे, मी उजवीकडे. वाचून झाल्यावर म्हणाले, "हे ज्येष्ठ रहिवासी कोण?"

"मी."

"आरोप कुणाचा?"

"माझाच."

"तुमच्या डोळ्यांदेखत चावला ना?"

"मी पायपुसण्यापासून दोन फुटांवर होतो."

"मग 'आरोप आहे' काय? चावला म्हणा की सरळ."

"निकाल लागेपर्यंत तसं लिहिता येत नाही."

"निकाल कुणी लावायचा?"

"तुम्ही."

"कशाच्या आधारावर?"

"या अर्जाच्या."

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाले, सदतीस वर्षं पेपर तपासले, पण असा विद्यार्थी पाहिला नाही, जो स्वतःच्याच उत्तरावर स्वतःच फुली मारून आणतो. या अर्जावरून कुत्रा दोषी ठरतो तेवढाच बोकाही ठरतो. दोघं शेजारी आहात, आपसात मिटवा. सभा संपली. मीटरच्या खोलीतला दिवासुद्धा त्यांनी लगेच बंद केला, बिल येतं म्हणून.

घरी आलो. बायकोने बाथरूमकडे बोट दाखवलं. बादली भरलेली होती.

तीन आठवडे. तीन आठवडे मंडळी, मी धुतोय. माझ्या हाताचे तळवे असे झालेत की बँकेत अंगठा उमटेना. टाके निघाले, कर्णा निघाला, संपादक पूर्ववत जाळीसमोर जाऊन बसायला लागले, आणि मी अजून बादलीपाशीच. डब्यात पैसे तेवढेच, म्हणजे नाहीतच.

आणि मग तो रविवार आला. सकाळी दहा. मी बाह्या वर करून चादरीशी झटत होतो, बेल वाजली. दार उघडलं. डॉक्टर! डोळे जरा ओले. म्हणाला, मी तुमचा अर्ज मास्तरांकडून मागून घेतला, पुन्हा वाचला. रात्री पुन्हा वाचला. म्हणाला, "काका, माझी बाजू इतकी चांगली मला स्वतःलाही मांडता आली नसती. माऊ किती घाबरतो, हे आजवर कुणी ऐकूनच घेतलं नव्हतं. तुम्ही लिहिलंत. आणि तेही तुमच्याच अर्जात."

बघा! बघा म्हटलं! खरेपणाला फळ मिळतं ते असं. मागे बायको येऊन उभी राहिली होती, हातात चिमट्यांची टोपली. मला न बघताच कळलं की ती हसतेय. तीन आठवड्यांत पहिल्यांदा. माझ्या डोळ्यांसमोर मशीन उभं राहिलं, पांढरंशुभ्र, पुढून गोल काचेचं. डॉक्टरने खिशात हात घातला. आणि काढलं काय?

पांढरं पाकीट.

इथवर ठीक होतं हो. नुसतं हातात दिलं असतं तर कदाचित... पण नाही. त्याने इकडेतिकडे बघितलं, ते पाकीट माझ्या ओल्या हातात हळूच सरकवलं, आणि त्याच्या त्या मऊ आवाजात म्हणाला, "ठेवा काका. कुणाला सांगायची गरज नाही."

तुम्हाला सांगतो, पुढचं मी केलंच नाही. हाताने केलं. चौतीस वर्षांच्या हाताने! हात सटकन पुढे झाला, पाकीट डॉक्टरच्या छातीवर आपटून खाली, आणि माझ्या तोंडातून आवाज निघाला, तो जुना, ऑफिसातला, तीन टेबलांपलीकडे जाणारा, "उचला ते! मी पाकीट घेत नाही!"

जिन्यात घुमला हो तो आवाज. खाली दुसऱ्या मजल्यावर कुणाचं तरी दार उघडलं.

मग मला कळलं मी काय केलं. पण तोवर उशीर झाला होता. डॉक्टर माझ्याकडे असा बघत होता जसं देवळात बघतात. म्हणाला, "काका... आठ हजार चारशे... तुम्ही सोडून देताय?" मी म्हणणार होतो, नाही नाही, सोडत नाहीये, पाकिटातून काढून द्या फक्त! पण एवढं मोठं वाक्य टाकल्यावर त्याच्यामागून एवढंसं वाक्य कसं काढणार? आणि मला ते काढायला जमेपर्यंत तो माझ्या पायाला हात लावून गेलासुद्धा.

मी वळलो. बायको तिथेच होती. चिमट्यांची टोपली तशीच. तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि ग्रंथालयातल्या आवाजात म्हणाली, "चौतीस वर्षांत एकदा जरी घेतलं असतंत ना, तर आज हाताला सवय राहिली असती."

अर्ध्या तासात इमारतीच्या ग्रुपवर डॉक्टरचा मेसेज. 'आमच्या मजल्यावर अजून अशी माणसं आहेत.' खाली एक्केचाळीस अंगठे. मास्तरांनी लिहिलं, 'पूर्ण गुण.' मी संध्याकाळी धीर करून त्याच्याकडे गेलोही, म्हटलं गैरसमज झालाय म्हणावं. तर त्याने माझ्या हातात पावती ठेवली. ते सगळे पैसे त्याने डॉक्टरीणबाईंकडे भरले होते, रस्त्यावरच्या जखमी जनावरांच्या औषधपाण्यासाठी. देणगीदाराचं नाव, संपादक! म्हणजे बघा, पैसे माझे, त्याग माझा, आणि नाव शेवटी संपादकांचं. इतकी वर्षं जे ऑफिसात झालं तेच घरी.

आता तुम्ही म्हणाल, संपलं. संपलं कुठलं? एवढ्या मोठ्या मनाची माणसं शेजारी असल्यावर कुत्रा कुणाकडे ठेवायचा? डॉक्टरांना तीन दिवस दातांच्या परिषदेला जायचं होतं. माऊ आमच्याकडे! त्याच्या अंथरुणासकट. मला वाटलं, आता होतं रक्ताचं थारोळं. कसलं काय! संपादकांनी पहिल्या पाच मिनिटांत त्याच्या नाकावर एक टपली मारली, नियमाप्रमाणे, आणि मग त्याच्याच अंथरुणाच्या मधोमध जाऊन झोपले. तो चाळीस किलोचा जीव तीन दिवस फरशीवर कडेला अंग चोरून पडलेला. तिसऱ्या दिवशी संपादकांनी त्याला शेपटीपुरती जागा दिली, तर कोण आनंद त्याला! मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. म्हटलं, बाबा रे, मला माहितीये. मी चौघांच्या हाताखाली काढलीय.

डॉक्टर परत आला. माऊला घेतलं, आभार मानले, आणि खिशात हात घातला.

पुन्हा पांढरं पाकीट!

माझं तोंड उघडलं. हात उठायला लागला. पण या वेळी माझ्या खांद्यावरून, कानाजवळून, एक हात पुढे आला, बांगडीसकट, आणि ते पाकीट हवेतच उचलून नाहीसा झाला. मला वाक्याचा पहिला शब्दही काढता आला नाही. गेलेलं पुस्तक कपाटात परत येतं ते असं. बायको म्हणाली, थँक्यू हं डॉक्टर, आणि दार लावलं.

आम्ही दोघं दाराच्या आत उभे. संपादकही आले. तिने पाकीट उघडलं. आत नोटा नव्हत्या. आत एक कार्ड, डॉक्टरने स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं. 'काका आणि काकू, दोघांच्या दातांची तपासणी आणि सफाई, माझ्याकडून भेट. काका, ती मागची दाढ विसरू नका.'

बायकोने ते वाचलं. मग माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. तिला माहीत होतं, मलाही माहीत होतं. चौतीस वर्षं बातमीदारी केलीय मी, फुकट काही घेतलेलं नाही, आणि दाढ तर खरंच दुखत होती.

ती म्हणाली, "जा. दोघांचे बाराशे देऊन या."

मी चपला घातल्या. दारापर्यंत गेलो तर मागून आवाज आला, "आणि येताना साबण आणा. मोठी वडी."